चिंतनाला गुण

आता डोनाल्ड शॉन यांच्या ‘द रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर’कडे वळू. पुस्तक १९८३चं. त्यात वास्तुकलेची एक विद्यार्थिनी उतारावरच्या शाळेच्या आराखड्यात अडते. शिक्षक तिच्यासमोर, बोलत बोलत, स्वतः रेघा ओढतो. म्हणजे चिंतन इथे काम चालू असताना, दोघांच्या देखत घडतं.

आम्ही त्यातून काय उचललं? पीएच.डी.च्या मुलांना चिंतनवही लिहायला लावली आणि तिला गुण दिले. मुलं हुशार; गुण मिळतील अशाच चुका त्यांनी कबूल केल्या!

शॉन यांचंही एक उणं आहे. गुण देणाऱ्या हाताची सत्ता ते फारशी तपासत नाहीत. पण आमचा दोष मोठा. स्वतःचा फसलेला मसुदा आम्हीच आधी मुलांपुढे ठेवायला हवा होता. तेवढा धीर आम्हाला झाला नाही, बघा.