हुबेहूब आणि न समजणारं : हळदणकर, गायतोंडे आणि राखलेला उजेड

आजचा विषय ‘आवडते चित्रकार’ असा ठेवला, तेव्हा आयोजकांपैकी एकानं आम्हाला विचारलं, की यात व्याख्यान देण्यासारखं काय आहे? आवड ती आवड. प्रश्न रास्त आहे. पण आवडलेल्या चित्राबद्दल बोलताना आपण जे शब्द वापरतो, ते बहुतेक वेळा त्या चित्राला लागूच पडत नाहीत, असं आम्हाला वाटतं. मराठी माणसाकडे असे दोन शब्द फार जुने आहेत. चित्र आवडलं की म्हणायचं ‘अगदी हुबेहूब’, आणि नाही आवडलं की ‘आपल्याला काही समजत नाही बुवा’. पहिला शब्द ज्यांना कायम मिळाला असे एक चित्रकार आणि दुसरा ज्यांना मिळाला असे एक, दोघंही आमचे आवडते, आज समोरासमोर ठेवायचे आहेत.

पहिले सावळाराम लक्ष्मण हळदणकर. जन्म 1882, सावंतवाडीचे, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले. 1908 साली त्यांनी मुंबईत स्वतःची कलाशाळा काढली. तुमच्यातल्या अनेकांना नाव ठाऊक नसेल, पण चित्र ठाऊक आहे. पडद्यावर बघा. साडी नेसलेली स्त्री, एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या कलादालनात हे आहे, नाव ‘ग्लो ऑफ होप’. कित्येक जण हे राजा रविवर्म्याचं म्हणून सांगतात. रविवर्मा गेले 1906 साली, आणि हे चित्र चाळिसाच्या दशकातलं. समोर उभी राहिली ती हळदणकरांची मुलगी गीता. म्हणजे लोकांनी चित्रावर प्रेम केलं आणि चित्रकाराचं नाव बदलून टाकलं! ‘हुबेहूब’ या शब्दाचा हा एक तोटा. हुबेहूब म्हटलं की ते कुणी केलं याला महत्त्व उरत नाही, आरशाला कुठे नाव असतं?

पण हे चित्र हुबेहूब आहे का? आपण जरा हिशेब करू. अंधाऱ्या खोलीत पेटता दिवा घेतला तर ज्योत आणि कोपऱ्यातला काळोख यांच्यात प्रचंड अंतर असतं. कागदाकडे काय आहे? सर्वांत उजळ म्हणजे कागदाचा स्वतःचा पांढरा. तो काही पेटत नाही. तेव्हा ज्योत जशीच्या तशी रंगवणं मुळातच अशक्य. हळदणकरांनी काय केलं, तर ज्योतीला हाताचा आडोसा दिला. आपल्याला ज्योतीपेक्षा तिनं काय काय उजळलंय ते जास्त दिसतं. बोटांच्या कडांना आलेली लाली, चेहऱ्यावर खालून चढणारा उजेड, मागचा गडदपणा. ज्योत किती तेजस्वी असेल हे आपण आपल्या मनानं ठरवतो, आणि मन कागदापेक्षा जास्त उजेड देऊ शकतं.

ही युक्ती त्यांची एकट्याची नव्हे. सतराव्या शतकातला फ्रेंच चित्रकार जॉर्ज द ला तूर याचं सुताराच्या कामाच्या जागेतल्या बाल येशूचं चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यातही मेणबत्तीपुढे धरलेल्या मुलाच्या हातातून उजेड आरपार येतो. फरक माध्यमाचा आहे, आणि आमच्या मते सगळी गंमत तिथेच आहे. ला तूर तैलरंगात काम करतो. तैलरंगात गडदावर फिकं चढवता येतं, म्हणजे सगळं झाल्यावर शेवटी उजेड ठेवता येतो. हळदणकरांचं चित्र जलरंगातलं. पारदर्शक जलरंगाच्या पद्धतीत पांढरा रंग लावायचा नसतो, कागदाचा पांढरा सोडायचा असतो. आपल्याकडे जलरंग शिकवणारे मास्तर म्हणतात, ‘पांढरं राख’. फार नेमका शब्द आहे हा. एकदा गडद वॉश तिथे गेला की तो उजेड गेला, परत आणता येत नाही. म्हणजे दिव्याचा उजेड चित्र सुरू होण्याआधीच ठरवावा लागतो, आणि मग चहूबाजूंनी अंधार आणत आणत त्याला सांभाळावं लागतं. ती बाई ज्योत सांभाळते आहे, आणि चित्रकारही तेच करतो आहे.

आता एक तक्रारही करून टाकू. चेहरा आम्हाला जरा गोड वाटतो, कॅलेंडरच्या वाटेवरचा. घरी छापील प्रत असेल तर एक प्रयोग करा. अंगठ्यानं चेहरा झाका, चित्र टिकतं. हात झाका, की ते लगेच भिंतीवरच्या इतर शंभर सुंदर बायकांसारखं होतं. आपल्याला आवडतं ते तिचं रूप, असं आपण समजतो. धरून ठेवतो तो हात.

दुसरे वासुदेव गायतोंडे. जन्म 1924, नागपूरचा, घराणं गोव्याचं, वाढले गिरगावातल्या चाळीत. हेही जे. जे.चेच, पदविका 1948 ची. पुढे भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये स्टुडिओ, 1964 साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्क, सत्तरच्या दशकात दिल्लीला मुक्काम. 2013 साली मुंबईतल्या लिलावात त्यांचं एक चित्र 23 कोटींच्या वर गेलं आणि तेव्हापासून आपल्या वर्तमानपत्रांना ते समजू लागले. [हशा] त्या आकड्यानं बघणाऱ्यांचं नुकसानच झालं. कलादालनात आम्ही पाहिलंय, लोक चित्राशेजारची पाटी चित्रापेक्षा जास्त वेळ वाचतात.

पडद्यावरच्या चित्राचा आम्हाला भरवसा नाही, गायतोंडे पडद्यावर मरतात. तरी बघा. वस्तू नाही, माणूस नाही. ‘अमूर्त’ हा शब्द त्यांना स्वतःला मान्य नव्हता, आपलं चित्र वस्तुनिरपेक्ष आहे असं ते म्हणत. ब्रशपेक्षा रोलर आणि पॅलेट नाइफ जास्त. पातळ थर, त्यावर थर, काही थर ओले असतानाच खरवडून किंवा कागदानं टिपून काढलेले. वर्षाला पाच-सहाच चित्रं, कारण हात चालवण्यापेक्षा बसून राहण्यातच जास्त वेळ जाई. आणि समोर उभं राहिलं की पाच-एक मिनिटांनी लक्षात येतं, हा उजेड वरून पडलेला नाही, थरांच्या खालून वर येतोय. पाण्याच्या तळाशी काहीतरी उजळ असावं तसा.

इथे आम्हाला हळदणकर आठवतात. दोघांची चित्रदृष्टी एकच आहे असं आम्ही म्हणत नाही, तसं म्हटलं तर दोघंही उठून जातील. पण दोघांच्याही चित्रात उजेड लावलेला नाही, राखलेला आहे. एकानं तो कागदावर सोडून ठेवला, दुसऱ्यानं थर काढून काढून त्याला वाट करून दिली. तुम्ही हळदणकरांच्या त्या हातापाशी थांबत असाल, तर गायतोंड्यांचं चित्र न समजण्याचं कारण नाही. आडोसा धरणारी बाई तेवढी इथे नाही.

सगळीच चित्रं सारखी उतरली आहेत असंही नाही. ज्यांत लिपीसारख्या खुणा उमटतात, तिथे डोळा वाचायला लागतो, अर्थ शोधतो आणि उजेड निसटतो. आम्हाला जवळची वाटतात ती खुणा अगदी कमी असलेली.

1984 साली अपघातात गायतोंड्यांना जबर दुखापत झाली. मोठ्या कॅनव्हासवर रोलर फिरवणं थांबलं. पुढच्या दोन-तीन वर्षांत त्यांनी कागदावर शाईची लहान चित्रं केली. आता पडद्यावर आहे ते त्यांतलंच एक. रंगांचे थर नाहीत, टिपून घेणं नाही. काळी शाई आणि कागद. यात उजेड कुठून येतो ते बघा. जिथे शाई गेली नाही, तिथूनच. हळदणकरांचा कागद आणि हा कागद आता शेजारीशेजारी लावतो. पाच मिनिटं कुणी बोलू नका, मग प्रश्न घेऊ.