‘पुनःसंयोजित मानवी ई-कॅडहेरिन’ : तीन विशेषणांची चिकित्सा

प्रास्ताविक

पेशींना परस्परांशी बांधून ठेवणाऱ्या प्रथिनांत ई-कॅडहेरिनचे स्थान अनन्यसाधारण आहे. जपानी शास्त्रज्ञ मासातोशी ताकेइची यांनी १९७७ मध्ये कॅल्शियमवर अवलंबून असलेली आसंजन-यंत्रणा स्वतंत्रपणे दाखवून दिली. १९८७ मध्ये त्यांच्या गटाने एकमेकींना न चिकटणाऱ्या ‘एल’ पेशींत या प्रथिनाचा डीएनए घातला, तेव्हा त्या पेशी परस्परांशी जुळू लागल्या. आज हेच प्रथिन संशोधनासाठी कुपीत तयार मिळते. ‘मानवी’, ‘शुद्ध’ आणि ‘क्रियाशील’ ही विशेषणे त्याच्या माहितीपत्रकावर सामान्यतः आढळतात. या विशेषणांतून प्रत्यक्षात काय सिद्ध होते, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

‘मानवी’ म्हणजे काय?

येथे ‘मानवी’ हा शब्द अमिनो आम्लांच्या क्रमापुरताच खरा असतो. हा क्रम गौण मानता येत नाही. लिस्टेरिया जिवाणूचे इंटर्नालिन हे प्रथिन मानवी ई-कॅडहेरिनला धरून आतड्याच्या पेशीत प्रवेश मिळवते. उंदराच्या ई-कॅडहेरिनशी मात्र ते नीट बांधले जात नाही. मानवात १६ व्या स्थानी प्रोलिन आहे आणि उंदरात ग्लुटामिक आम्ल, एवढाच निर्णायक भेद १९९९ मध्ये दाखविला गेला.

परंतु क्रम मानवी असला तरी घडण मानवी असेलच असे नाही. ई. कोलाय जिवाणूत तयार केलेल्या प्रथिनावर मानवी पेशीत जोडल्या जाणाऱ्या शर्करा-साखळ्या नसतात. उंदराच्या किंवा चिनी हॅमस्टरच्या पेशीत तयार झालेल्या प्रथिनावर त्या असतात, पण त्यांची ठेवण त्या त्या पेशीची असते. शिवाय बाजारातील प्रथिन बहुधा केवळ बहिःपेशीय भागाचे असते आणि त्याला अनेकदा प्रतिपिंडाचा एफसी भाग जोडलेला असतो. पेशीपटल ओलांडणारा भाग आणि कॅटेनिनना धरणारी अंतःपेशीय शेपटी त्यात नसते. म्हणून ‘मानवी’ या शब्दामागे ‘कोणता भाग, कोणत्या पेशीत घडविलेला’ हा प्रश्न विचारणे अपरिहार्य ठरते.

‘शुद्धते’ची मर्यादा

ई-कॅडहेरिन प्रथम ८८२ अमिनो आम्लांच्या पूर्वरूपात तयार होते. त्याचा अग्रभाग छाटला गेल्यावरच परिपक्व प्रथिन मिळते आणि त्याचे आसंजन-सामर्थ्य प्रकट होते. परिपक्व प्रथिनातील दुसऱ्या स्थानावरील ट्रिप्टोफॅन समोरच्या रेणूतील खाचेत बसतो. ही जुळणी अग्रटोक अचूक असण्यावर अवलंबून आहे. तेथे एखादे अमिनो आम्ल जास्तीचे राहिले तरी ती बिघडते. जिवाणू प्रथिनाचा आरंभ मेथिओनिनने करतात आणि त्यापुढे अॅस्पार्टिक आम्ल असल्यास, जसे ते येथे आहे, मेथिओनिन सहसा काढले जात नाही.

शुद्धतेची टक्केवारी बहुधा जेलवरील पट्ट्यावरून ठरते. बहिःपेशीय भाग सुमारे ६० हजार डाल्टनचा, तर जास्तीचे मेथिओनिन सुमारे १३१ डाल्टनचे. हा फरक त्या पट्ट्यात दिसणे शक्य नाही. तात्पर्य, प्रथिन शुद्ध असूनही निरुपयोगी असू शकते.

‘क्रियाशील’ कशावरून?

क्रियाशीलता पुष्कळदा प्रथिनाचा लेप दिलेल्या तबकडीवर पेशी चिकटतात की नाही यावरून ठरविली जाते. पण पेशी अन्य कारणांनीही चिकटतात. केवळ एफसी भागाचा लेप, कॅल्शियम काढून घेणारे ईडीटीए आणि दुसरा ट्रिप्टोफॅन बदललेले प्रथिन, या तीन तुलना नसतील तर निष्कर्ष ई-कॅडहेरिनचाच आहे असे म्हणता येत नाही. दोन सुट्या रेणूंमधील बंध मुळात दुर्बल असतो; त्याचा विघटन-स्थिरांक सुमारे १०० मायक्रोमोलर आहे. एफसी भागामुळे रेणू जोडीने येतात व पकड बळकट भासते. ते बळ किती प्रथिनाचे व किती जोडणीचे, हे वेगळे करावयास हवे.

या प्रथिनांची उपयुक्तता अर्थातच नाकारता येत नाही. अग्रटोकांच्या देवाणघेवाणीचे चित्र २००२ मध्ये बेडकाच्या सी-कॅडहेरिनच्या बहिःपेशीय भागाच्या स्फटिकरचनेतूनच स्पष्ट झाले. तुकड्याचे निष्कर्ष संपूर्ण रेणूवर लादणे हा खरा दोष होय. कॅटेनिन आणि ॲक्टिन यांचा बंध ताण पडल्यावर अधिक टिकतो, हे २०१४ मध्ये दिसून आले. शेपटी नसलेल्या प्रथिनात ही क्रिया अभ्यासताच येणार नाही.

समारोप

हा प्रश्न केवळ शब्दांचा नाही. १९९८ मध्ये न्यूझीलंडमधील माओरी कुटुंबाच्या अभ्यासातून या प्रथिनाच्या सीडीएच१ जनुकातील दोष आणि आनुवंशिक जठर-कर्करोग यांचा संबंध स्पष्ट झाला. असा दोष असलेल्यांना प्रतिबंधक उपाय म्हणून संपूर्ण जठर काढण्याचा सल्ला दिला जातो. एखादा बदल घातक की निरुपद्रवी, या निर्णयाचे मोल एवढे मोठे आहे. शेपटीतील बदलाविषयी बहिःपेशीय तुकडा मौनच पाळणार; ते मौन निर्दोषत्वाचा पुरावा समजणे धोक्याचे आहे.

म्हणून पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्प-अहवालात प्रथिनाचे नाव व शुद्धता एवढ्यावर न थांबता उत्पादक पेशी, क्रमाची व्याप्ती, अग्रटोकाची तपासणी, जोडलेला भाग, विद्रावातील कॅल्शियम आणि तुलनात्मक प्रयोग यांची नोंद मार्गदर्शकांनी आग्रहाने मागावी. यासाठी अधिक निधी फारसा लागत नाही. लागते ती माहितीपत्रकही चिकित्सकपणे वाचण्याची सवय.