सादृश्याचा निकष : प्रकरणाधिष्ठित तर्काची एक चिकित्सा

नवा प्रश्न सोडविताना मानवी बुद्धी सामान्य नियमांचा आश्रय घेते, की पूर्वी सुटलेल्या एखाद्या प्रश्नाची आठवण तिला वाट दाखविते, हा वाद तर्कशास्त्राइतकाच जुना आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रात त्याला संशोधनशाखेचे रूप आले ते विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात. मे १९८८ मध्ये अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात, क्लिअरवॉटर बीच येथे, संरक्षण खात्याच्या ‘डार्पा’ या संशोधनसंस्थेच्या पुरस्काराने प्रकरणाधिष्ठित तर्कावर एक कार्यशाळा भरली. जॅनेट कोलोडनर यांनी संपादिलेला तिचा निबंधसंग्रह त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. विखुरलेल्या प्रयत्नांना या कार्यशाळेने एकत्र आणले, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु ज्या विचाराच्या बळावर ही शाखा उभी राहिली, त्याचा पाया कितपत दृढ आहे, हे तपासून पाहणे अवश्य आहे.

त्या विचाराची पार्श्वभूमी अशी. आठव्या दशकात तज्ज्ञांचे ज्ञान ‘जर–तर’ स्वरूपाच्या नियमांत बांधण्याचे प्रयत्न झाले. रक्तातील जंतुसंसर्गाचे निदान करणारी ‘मायसिन’ ही प्रणाली त्यांपैकी प्रसिद्ध होय. पण तज्ज्ञाच्या तोंडून नियम वदवून घेणे दुष्कर ठरले. पुष्कळदा नियम सांगण्याऐवजी तो एखादा प्रसंगच सांगू लागे. रॉजर शँक यांनी १९८२ मधील आपल्या ग्रंथात स्मृती हेच आकलनाचे मूळ मानले, आणि त्यांच्या परंपरेतील संशोधकांनी ही अडचणच साधन म्हणून स्वीकारली. पूर्वप्रकरणांचा संग्रह करावा, नव्या प्रश्नाशी जुळणारे प्रकरण शोधावे, त्याचे उत्तर योजावे, चुकल्यास सुधारावे आणि नवा अनुभव संग्रहात ठेवावा. हेच चक्र पुढे १९९४ मध्ये आमोट आणि प्लाझा यांनी चार पायऱ्यांत मांडले. एकूण आशय असा, की प्रकरणे असली म्हणजे नियमांचे ओझे पुष्कळसे उतरते.

हे ओझे खरोखरच उतरते काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास क्रिस्टियन हॅमंड यांची ‘शेफ’ ही पाककृती योजणारी प्रणाली फार उपयुक्त आहे. गोमांस आणि ब्रॉकोली परतून करावयाचा पदार्थ तिच्याकडे मागितला गेला. संग्रहात गोमांस आणि फरसबीची कृती होती. तीत फरसबीच्या जागी ब्रॉकोली घालून तिने नवी कृती सिद्ध केली, पण मांसाला सुटलेल्या पाण्याने ब्रॉकोली मऊ पडली. प्रणालीने कारण शोधले, दोन्ही घटक वेगवेगळे परतण्याची दुरुस्ती केली आणि हे अपयश स्मरणात ठेवले. पुढे कोंबडी आणि कोवळ्या मटारशेंगांचा पदार्थ करावयाचा आला, तेव्हा तिला कोंबडी आणि फरसबीची कृती न आठवता गोमांस आणि ब्रॉकोलीची आठवली. कारण मटारशेंगाही कुरकुरीत राहावयास हव्यात.

हे उदाहरण या पद्धतीचा विजय म्हणून सांगितले जाते, आणि ते योग्यच आहे. पण विजय नेमका कशाचा? वरवर पाहता कोंबडीचे कोंबडीशी साम्य अधिक जवळचे. ते बाजूला सारून कुरकुरीतपणाचे साम्य निवडले गेले, ते पाण्याने भाजी मऊ पडते या कार्यकारणज्ञानामुळे. हे ज्ञान प्रकरणांत नव्हते. ते कारणमीमांसेच्या नियमांच्या रूपाने आधीच प्रणालीत घातलेले होते. म्हणजे पुढच्या दाराने निरोप दिलेला नियम सादृश्याच्या मागल्या दाराने परत आला. कोणत्याही दोन वस्तू कोणत्या ना कोणत्या अंगाने सारख्या असतातच. तेव्हा ‘कोणत्या बाबतीत?’ हे सांगितल्यावाचून सादृश्य निरर्थक होय, असा इशारा नेल्सन गुडमन यांनी १९७२ मध्येच दिलेला होता. न्यायशास्त्रातही स्वयंपाकघराचा दृष्टान्त एकटा येत नाही. जेथे धूर तेथे अग्नी, ही व्याप्ती त्याच्या पाठीशी असते.

यावर असा आक्षेप संभवतो, की काही क्षेत्रांत नियम उपलब्धच नसतात. लॉकहीड कंपनीत विमानांचे संमिश्र द्रव्याचे भाग मोठ्या दाबभट्टीत भाजताना त्यांची मांडणी कशी करावी, याचे पुरेसे शास्त्र हाताशी नव्हते. कारागीर यशस्वी मांडण्यांच्या नोंदींवरच विसंबत. ‘क्लॅव्हिअर’ या प्रणालीने त्या नोंदींचा संग्रह करून उपयोगी कार्य केले. आक्षेप रास्त आहे. तथापि तेथेही कोणते भाग एकमेकांच्या जागी चालतील, याचा निकष कोणाला तरी ठरवावाच लागतो. नियम अज्ञात असणे वेगळे आणि अनावश्यक असणे वेगळे.

या दृष्टीने केव्हिन अ‍ॅश्ले आणि एडविना रिसलंड यांची ‘हायपो’ ही प्रणाली अधिक प्रामाणिक वाटते. व्यापारी गुपितांच्या कायद्याचा विचार करणाऱ्या या प्रणालीत सादृश्याची तेरा परिमाणे उघडपणे नोंदविलेली आहेत. ती वादीच्या बाजूचे पूर्वप्रकरण पुढे करते, प्रतिवादीच्या बाजूने त्यातील भेद दाखविते, विरुद्ध प्रकरण मांडते आणि त्याला प्रत्युत्तरही देते. साम्य हे येथे वादाचा विषय होते, निर्णयाचा गुप्त आधार राहत नाही. लौकिक आणि परीक्षक या दोघांच्याही बुद्धीला सारखाच पटतो तो दृष्टान्त, या न्यायसूत्रांतील कल्पनेशी हे जुळणारे आहे.

आज या चर्चेचे महत्त्व वाढले आहे. भाषिक प्रतिमानांना पूरक म्हणून जुने लेख आणि नोंदी शोधून देणाऱ्या प्रणालींत साम्य हे बहुधा दोन संख्यासमूहांमधील अंतर असते. त्या अंतरातून किती ते कळते, कोणत्या बाबतीत ते कळत नाही. रुग्णाचे निदान अथवा कर्जाचा अर्ज अशा जवळिकीवर ठरू लागला, तर ज्याच्याविषयी निर्णय झाला त्याला ‘हे प्रकरण माझ्यासारखे कसे?’ असे विचारण्याचा अधिकार आहे. या क्षेत्रात संशोधन करणाऱ्याने आपल्या प्रणालीचे यश सांगण्यापूर्वी तिच्या सादृश्याचा निकष लिहून दाखवावा आणि त्या निकषाने फसलेले निदान एक प्रकरण सोबत जोडावे. स्वतःची फसलेली पाककृती स्मरणात ठेवणाऱ्या त्या जुन्या प्रणालीने एवढा धडा तरी निश्चित घालून दिला आहे.