रुग्णाच्या उशाशी उभा असलेला पुरुष

रुग्णशुश्रूषेचे रीतसर शिक्षण घेतलेल्या आणि तिच्यावरच उपजीविका करणाऱ्या पुरुषास मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न वरवर पाहता कोशकाराचा आहे. परंतु एखाद्या मनुष्यास नाव नसणे आणि वाङ्मयात त्यास जागा नसणे या दोन गोष्टी सहसा एकत्र नांदतात; म्हणून साहित्याच्या अभ्यासकांनीही या प्रश्नाकडे पाहावे असे आम्हांस वाटते. ‘नर्स’ हा शब्द मराठीने उचलला तो स्त्रीलिंगी म्हणूनच. नर्स येते, नर्स जाते, नर्स रागावते. पुरुष आला की ‘मेल नर्स’ असा जोड द्यावा लागतो, आणि तो उच्चारताना बोलणाराच्या ओठांवर बहुधा बारीकसे हसू येते. ‘डॉक्टर’ या शब्दाची अशी अडचण कधी झाली नाही. एके काळी ‘डॉक्टरीणबाई’ म्हणजे डॉक्टरांची पत्नी असाही अर्थ होई. आज त्या स्वतः डॉक्टर असतात, आणि भाषेने हा पालट विनातक्रार पचविला आहे.

हैदराबादेत ही उणीव अधिक जाणवते, कारण शेजारच्या भाषेत ती नाही. दखनी-उर्दूत आजाऱ्याची देखभाल करणारा तो ‘तीमारदार’. तो घरचा मुलगा असो की परका, स्त्री असो की पुरुष, शब्द तोच राहतो. या शहराने १९१७ साली भाषांतरासाठी दारुल तर्जुमा ही स्वतंत्र संस्था काढली, पुढील वर्षी उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ स्थापिले आणि वैद्यकासारखा विषयही देशी भाषेतून शिकविण्याची हिंमत दाखविली. मराठवाडा १९५६ पर्यंत याच राज्याचा भाग होता. तेथील बोलीत दवाखाना, मरीज, इलाज हे शब्द त्यामुळे घरचे झाले. तीमारदार मात्र उंबऱ्याबाहेर राहिला. नांदेड-लातूरकडील रुग्ण आजही उपचारासाठी येथे येतो. त्याच्या खाटेजवळ उभ्या असलेल्या पुरुषास कोणी ‘भाई’ म्हणतो, कोणी ‘अन्ना’, कोणी ‘ब्रदर’. मराठी हाक तेवढी ‘अहो, जरा इकडे’ अशी बिननावाची असते.

वस्तुतः आपल्या परंपरेत त्यास नाव होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, उपस्थाता आणि रोगी. उपस्थाता म्हणजे रोग्याजवळ उभा राहणारा. त्याच्या अंगी उपचाराचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी अनुराग आणि शुचिता हे चार गुण हवेत अशी अपेक्षा आहे. यांतील पहिला गुण ज्ञानाचा आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. सुश्रुत त्यासच परिचारक म्हणतो. हे सारे शब्द पुल्लिंगी आहेत. त्याच सूत्रस्थानात रुग्णगृहाची सिद्धता वर्णिताना वरणभात रांधणारे, स्नान घालणारे, अंग चेपणारे, रोग्यास उठविणारे व निजविणारे, औषधे वाटणारे अशी सेवकांची तपशीलवार गणना येते, आणि तिच्याच जोडीला गाणारे, वाजविणारे व कथा सांगणारेही येतात. (साहित्यिकांस नोकरी देण्याची ही सूचना आमच्या साहित्यसंस्थांच्या नजरेतून कशी सुटली, याचे आम्हांस नवल वाटते.) ‘शुश्रूषा’ या शब्दाचा मूळ अर्थ तर ऐकण्याची इच्छा असा आहे. कण्हणाऱ्याचे ऐकावे अशी इच्छा कोणत्या लिंगास अधिक शोभते, याची चर्चा जुन्या ग्रंथकारांनी केलेली नाही.

पुढे चित्र उलटले ते एकोणिसाव्या शतकात. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी शुश्रूषेस शिस्त, शिक्षण व प्रतिष्ठा मिळवून दिली. १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाची शाळा निघाली. पण प्रत्येक स्त्री ही परिचारिका असतेच, या गृहीतावर त्यांची मांडणी उभी होती. इंग्लंडात १९१९ च्या कायद्याने परिचर्येची नोंदणी सुरू झाली तेव्हा पुरुषांची नावे निराळ्या यादीत घातली गेली आणि १९४९ पर्यंत ती तेथेच राहिली. हाच साचा आमच्याकडे आला. ‘परिचारक’ यावरून ‘परिचारिका’ झाली, आणि महाराष्ट्राच्या शासकीय रुग्णालयांत अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका अशी चढती पदनामे रूढ झाली. ही सर्व स्त्रीरूपे आहेत. मग पुल्लिंगी रूपाचे काय झाले? त्याच धातूपासून निघालेला ‘परिचर’ हा शब्द शासकीय मराठीत शिपायाचे पदनाम ठरला. स्त्रीलिंगात तो शब्द रुग्णाच्या उशाशी उभा राहिला. पुल्लिंगात साहेबांच्या दाराशी बाकावर बसला.

शब्दांची ही वाटणी वॉर्डात दररोज अनुभवास येते. पांढऱ्या कपड्यांतील पुरुष खाटेजवळ आला की रुग्ण त्यास प्रथम डॉक्टर समजतो, आणि तो डॉक्टर नाही असे कळताच एकदम वॉर्डबॉय समजू लागतो. या दोहोंच्या मध्ये तिसरे काही असू शकेल, अशी शंकाही त्यास येत नाही. स्त्री-रुग्ण ‘सिस्टरला पाठवा’ म्हणते, तिचा संकोच समजण्यासारखा आहे. परंतु पुरुष-रुग्णही पुष्कळदा तेच म्हणतो, आणि तेथे कारण संकोचाहून निराळे असते. ‘डॉक्टर व्हायचे राहून गेले का?’ हा प्रश्न सहानुभूतीने विचारला जातो, म्हणून तो अधिक बोचतो. सहकाऱ्यांचे वागणेही पाहण्याजोगे आहे. जड रुग्ण उचलावयाचा, दारूच्या नशेत हातपाय झाडणारास धरावयाचे, प्राणवायूची नळकांडी हलवावयाची, की ब्रदरची आठवण होते. त्याने तीन-चार वर्षे शरीरशास्त्र, औषधशास्त्र व परिचर्या यांचा अभ्यास केला तो बाहुबलाच्या परीक्षेसाठी नव्हे; पण वॉर्डात त्याचे बाहूच तेवढे मोजले जातात. रुग्णालयाच्या बोलीत सफाई करणारी ‘मावशी’ आहे, खाटा ढकलणारा ‘मामा’ आहे. म्हणजे मराठी घराने या दोघांस नात्यात सामावून घेतले. शिकलेल्या परिचारकास तेवढेही नाते मिळू नये, याचा उलगडा वाङ्मयाकडे वळल्याखेरीज होणार नाही.

मराठी लेखकाने रुग्णाची सेवा करणारा पुरुष पाहिलाच नाही, असे कोणी म्हणू नये. त्याने पाहिला आहे, पण दोनच रूपांत. एक रूप संताचे. सेवाग्रामात १९३९ नंतर कुष्ठरोगी परचुरे शास्त्रींचे अंग स्वतःच्या हातांनी चोळणारे गांधीजी, १९३६ साली दत्तपूरचे कुष्ठधाम सुरू करणारे मनोहर दिवाण, वरोड्याजवळ आनंदवन उभारणारे बाबा आमटे, ही चित्रे आमच्या पाठ्यपुस्तकांस व चरित्रांस सुपरिचित आहेत. त्यांची थोरवी वादातीत आहे. आमची तक्रार चित्रकारांविषयी आहे. आमट्यांनी या कार्यात उतरताना कलकत्त्यास जाऊन कुष्ठरोगचिकित्सेचे शिक्षण घेतले. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत एका धर्मादाय रुग्णालयात रोज सकाळी रुग्णांची हकीगत डॉक्टरांस सांगण्याचे व औषधे देण्याचे काम नेमाने केले. म्हणजे दोघेही हे काम शिकले होते. आमचे चरित्रकार मात्र त्या शिकण्यावरून घाईने पुढे जातात आणि करुणेपाशी रेंगाळतात. जखम कशी धुतली, पट्टी कोठून कोठे फिरविली, हाताला काय कळले, हे कोणी लिहीत नाही. किळस जिंकली एवढेच लिहितात. परिणाम असा की, पुरुषाने रुग्णाची सेवा करणे हा त्यागाचा पराक्रम ठरतो, आणि महिन्याच्या पगारावर तेच काम करणारा पुरुष वाचकाच्या मनात त्या कसोटीस उतरत नाही. महात्मा तो नाही, हे उघड दिसते; मग उरतो तो नोकर.

वाङ्मयीन स्मरणाची निवड किती पक्षपाती असते, याचे एक उदाहरण येथे देण्याजोगे आहे. १८९७ च्या प्लेगात पुण्यास सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करताना मार्चमध्ये निधन पावल्या. त्याआधी महिनाभर, फेब्रुवारीत, नारायण मेघाजी लोखंडे मुंबईत प्लेगच्या रुग्णांसाठी झटत असता त्याच रोगास बळी पडले. सावित्रीबाईंचे आजारी मुलास पाठीवर घेऊन जाणे प्रत्येक शाळकरी मुलास ठाऊक आहे, आणि ते ठाऊक असावेच. लोखंडे मात्र कामगारांचे पुढारी, रविवारची सुट्टी मिळवून देणारे म्हणून स्मरणात राहिले. स्त्रीच्या चरित्रात शुश्रूषा हा कळस झाला. पुरुषाच्या चरित्रात ती तळटीप झाली.

दुसरे रूप विनोदाचे. आमच्या रंगभूमीने पुरुषातील कोमलता पाहिली होती, आणि डोक्यावरही घेतली होती. १९१९ साली ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले तेव्हा सिंधूचे सोसणे व जपणे प्रेक्षकांनी बालगंधर्वांच्या, म्हणजे एका पुरुषाच्या, चेहऱ्यावर पाहिले आणि अश्रू ढाळले. पण त्यासाठी लुगडे आवश्यक होते. अत्र्यांच्या ‘मोरूची मावशी’त तेच लुगडे हास्याचा विषय झाले. लुगडे न नेसता, विजार घालून, मिशा ठेवून दुसऱ्याची उशी सरळ करणारा पुरुष या दोहोंत बसत नाही. याहून मोठे कोडे वारकरी परंपरेचे आहे. विठ्ठलास आई म्हणणारी, ज्ञानदेवांस माउली म्हणणारी, वाटेवर भेटेल त्या पुरुषास ‘माउली’ अशी हाक मारणारी ही भाषा आहे. जनाबाईबरोबर दळणारा देव तिने कल्पिला. इतके सर्व ज्या भाषेने केले, तिला रुग्णाचे भांडे उचलणारा पुरुष पाहून हसू का यावे? आमच्या मते याचे कारण असे की, भक्तीत मातृत्व हे नाते आहे, रुग्णालयात ते काम आहे. आणि आम्ही नात्यास वंदन करतो, कामाची जात पाहतो. मलमूत्राचा स्पर्श कोणाच्या वाट्यास यावा, याविषयीचे आमचे जुने हिशोब वॉर्डाच्या दारापाशी थांबत नाहीत. स्त्रीने तो स्पर्श केला तर तो तिचा स्वभाव, पुरुषाने केला तर ती त्याची पायरी, असा हा हिशोब आहे.

रुग्णाच्या भीतीसही मात्र जागा दिली पाहिजे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग या परिचारिकेवर तेथीलच एका सफाई कामगाराने अत्याचार केला. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी त्यांना सांभाळले. पिंकी विराणी यांचे पुस्तक आणि दत्तकुमार देसाई यांचे ‘कथा अरुणाची’ हे नाटक यांमुळे ही घटना वाङ्मयातही आली. वॉर्डातील पुरुषाकडे पाहणाऱ्या स्त्रीच्या मनात ही छाया असेल, तर तिला पूर्वग्रह म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे होईल. परिचारिकांचीही बाजू आहे. ज्या थोड्या व्यवसायांत स्त्रीस शेवटच्या पायरीपर्यंत स्त्री म्हणूनच जाता आले, त्यांपैकी हा एक. तेथे पुरुष आले की अधिकाराच्या खुर्च्या तेच पटकावतील, ही धास्ती इतर क्षेत्रांचा इतिहास पाहता निराधार नाही. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थांनी २०१९ मध्ये परिचर्येच्या भरतीत ८० टक्के जागा स्त्रियांस व २० टक्के पुरुषांस असे प्रमाण ठरविले, आणि त्यावर वाद झाला. त्या वादात आम्ही शिरत नाही. मात्र २०१६ साली केंद्र सरकारने ‘स्टाफ नर्स’चे ‘नर्सिंग ऑफिसर’ केले, याचा एक वाङ्मयीन लाभ आम्हांस दिसतो: मराठीत ‘अधिकारी’ शब्दास लिंगाची बाधा नाही.

पदनामाने माणूस उभा राहत नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धात वॉल्ट व्हिटमन १८६२ पासून वॉशिंग्टनच्या लष्करी रुग्णालयांत जखमी सैनिकांची सोबत करीत राहिला, आणि १८६५ च्या ‘ड्रम-टॅप्स’मध्ये त्याने जखमा बांधणाऱ्या माणसाच्या तोंडी एक कविता घातली. तो बोलणारा वृद्ध खाटेमागून खाट ओलांडतो. पाण्याचे भांडे, चिंध्या, भोक पडलेला खांदा, सगळे नावानिशी सांगतो, आणि स्वतःच्या करुणेविषयी फारसे बोलत नाही. आमच्या सरकारी दवाखान्यांतही ‘ड्रेसर’ नावाचा पुरुष कित्येक वर्षे हेच काम करीत आला. मराठी कवितेत तो आम्हांस भेटलेला नाही. आणि तो भेटणे अशक्य आहे असेही नाही. शाळेत शिपाई राहिलेल्या नारायण सुर्व्यांनी १९६६ साली ‘माझे विद्यापीठ’ दिले, १९७८ मध्ये दया पवारांच्या ‘बलुतं’ने ज्यांच्याविषयी इतर लिहीत होते त्यांस स्वतः बोलते केले. परिचर्येतील पुरुषही आपली हकीगत प्रथमपुरुषी लिहील, तर तिच्यात संत नसेल आणि विदूषकही नसेल. अर्धांगवायूच्या रुग्णास शय्याव्रण होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते. रात्री अकरास, एकास, तीनास, पाचास. वळविताना एक हात खांद्याखाली आणि एक कमरेखाली घालावयाचा, चादरीची चुणी काढावयाची, कातडीवर तांबूस डाग दिसतो का ते पाहावयाचे, आणि दिसला तर नोंदवहीत वेळ घालून लिहून ठेवावयाचे. ही नोंद करणाराचे गद्य आम्हांस वाचावयाचे आहे. अध्यापकांच्या हाती असा एखादा विद्यार्थी लागला, तर त्यास निबंधासाठी ‘माझा आवडता ऋतू’ हा विषय देऊ नये.