निकष कोणी ठरवायचे?

१९७२ साली आमच्या तरुणांनी 'पँथर' हे नाव अमेरिकेतील काळ्यांच्या लढ्यातून घेतले. त्या लढ्यातील माणसांनी कलेचे निकष कसे घडवले, याचा अभ्यास मात्र आमच्यापैकी थोड्यांनीच केला. घराण्यातला पहिला पदवीधर मी; सिद्धांत हा एकट्या विद्वानाच्या अभ्यासिकेत जन्मतो असेच मला शिकवले गेले, आणि काही वर्षे मीही वर्गात तेच शिकवले.

'वॉल ऑफ रिस्पेक्ट'वरील २०१७ चा ग्रंथ वाचून हा समज मोडला. अब्दुल अल्कालिमत, रोमी क्रॉफर्ड आणि रिबेका झोराक हे त्याचे तिघे संपादक. अल्कालिमत हे 'ओबासी' या संघटनेच्या संस्थापकांपैकी. म्हणजे ज्यांनी चळवळ केली आणि ज्यांनी तिचा अभ्यास केला, ते इथे एकाच पंक्तीला बसले आहेत. आमच्या विद्यापीठांत हे दृश्य दुर्मीळच!

१९६७ साली शिकागोच्या दक्षिण भागात, ४३ वा रस्ता आणि लँग्ली अव्हेन्यूच्या कोपऱ्यावरील एका मोडकळीला आलेल्या इमारतीची भिंत ओबासीच्या चित्रकार-छायाचित्रकारांनी रंगवली. भिंतीची मांडणी सिल्व्हिया अबर्नेथी यांची. नायक कोण, हे चर्चेने ठरले. माल्कम एक्स भिंतीवर आले, मार्टिन ल्यूथर किंग आले नाहीत. ही निवड पटो न पटो, आदरास पात्र कोण हे ठरवण्याचा हक्क इथे कोणत्याही कलासंग्रहालयाकडे मागितलेला नव्हता. ग्वेंडोलिन ब्रुक्स यांनी कविता वाचली तीही त्याच रस्त्यावर. चार वर्षांनी, १९७१ मध्ये, आग लागली आणि पुढे इमारत पाडली गेली. त्याच वर्षी ॲडिसन गेल यांनी संपादित केलेला 'द ब्लॅक ईस्थेटिक' हा लेखसंग्रह निघाला. तोही अनेकांच्या हातचा, पण त्यात स्त्रियांचे लेख बोटांवर मोजण्याइतके.

भिंतीची कहाणीही नुसती गौरवाची नाही. नॉर्मन पॅरिश यांनी रंगवलेला भाग त्यांच्या संमतीवाचून पांढरा फासून पुसला गेला आणि युजीन ईडा यांनी तो नव्याने रंगवला. गट फुटला. सामूहिकतेच्या नावाखाली सोबत्याचेच काम पुसले जाते तेव्हा प्रस्थापितांच्या निकषांत आणि आपल्या निकषांत फरक तो काय राहिला? विद्रोही म्हणवणाऱ्या आपल्या मंडळांनाही हा प्रश्न झोंबेल, मलाही झोंबला.

येत्या सत्रात गेल यांच्या संग्रहाआधी मी हे भांडणच वर्गापुढे ठेवणार आहे.