संकलक : त्रुटिनियंत्रण व सदिश संस्करण
आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या संकलकास, म्हणजे कंपायलरला, सदिश यंत्रावर वेग व त्रुटीचा ठावठिकाणा यांत निवड करावी लागते. उदा., अमरावती जिल्ह्यातील १४ व अकोला जिल्ह्यातील ७ तालुक्यांची कापसाची दर हेक्टरी उत्पादकता व तिची सरासरी काढावयाची असून एका तालुक्याचे उत्पादन नोंदलेले, पण क्षेत्र नजरचुकीने शून्य राहिले आहे, असे मानू. एकेक भाजक तपासणारी आज्ञावली त्या तालुक्यापाशी थांबते. सदिश आदेश अनेक भागाकार एकदम करतो. आयईईई ७५४ (१९८५) या मानकाच्या मूळ रीतीप्रमाणे तेथे ‘अनंत’ मूल्य येते व सरासरीही अनंत होते. शून्याने भागल्याची खूण उरते, तालुका कोणता ते कळत नाही. ‘क्षेत्र शून्य असल्यास भागू नये’ ही अटही पुरेशी नाही. क्रे-१ (१९७६) या महासंगणकातील मुखवटा नोंदक केवळ तयार फलांतून निवड करी, क्रिया रोखत नसे. एव्हीएक्स-५१२ मधील मुखवटा त्रुटीही दडपतो. हवामानाच्या गणितात हे खपते. शासकीय आकडेवारीत नाही, कारण तेथे चुकलेली नोंद सापडणे हेच महत्त्वाचे असते. त्यासाठी सर्व भाजक आधी सदिश तुलनेने तपासावेत व शून्य आढळले तरच एकेरी मार्ग धरावा. तुलना भागाकारापेक्षा पुष्कळ स्वस्त असल्याने ही जादा फेरी महाग पडत नाही.