तारेवरची कथा

कादंबरीविषयी बोलताना आपण लेखकाची प्रतिभा, पात्रांचे स्वभाव, भाषेचा डौल ह्यांविषयी पुष्कळ बोलतो. ती वाचकाच्या घरात कोणत्या वाटेने आली ह्याविषयी मात्र सहसा बोलत नाही. वास्तविक वाटेची धूळ प्रवाशाच्या अंगावर बसतेच. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' साप्ताहिक काढले आणि त्यातून 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी हप्त्याहप्त्याने वाचकांना दिली. आठवड्याला एक हप्ता, त्याची जागा मोजकी, आणि पुढला अंक येईपर्यंत वाचकाचे मन धरून ठेवायचे. त्या कादंबरीचा विस्तार आणि तिची संथ, घरगुती चाल ह्यांत ह्या बंधनाचा वाटा मोठा आहे, असे मला नेहमी वाटत आले आहे. छापखाना आणि टपाल हेही हरिभाऊंचे अबोल सहलेखकच होते म्हणा ना!

आज आपल्या बहुतेक घरांत गोष्ट येते ती पुस्तकातून नव्हे, टीव्हीच्या पडद्यावरून. आणि तिची वाट सध्या बदलते आहे. आमच्या पारोळ्याचेच पाहा. खांबावरून गच्चीवर आणि गच्चीवरून खिडकीत शिरलेली केबलची काळी तार लोक काढून टाकू लागले आहेत. कोणी टीव्हीच्या पाठीमागच्या खाचेत बोटाएवढी एक काठी खोचतो आणि इंटरनेटवरून हवे ते पाहतो. कोणी गच्चीवर दूरदर्शनची फुकट छत्री बसवतो. जे अधिक व्यवहारी आहेत ते दोन्ही करतात. चहाच्या टपरीवर ह्याची चर्चा होते ती महिन्याला किती रुपये वाचले एवढ्यापुरती. ती खोटी नाही. पण पैशांबरोबर आणखी काय वाचले आणि काय खर्ची पडले, हा हिशेब कोणी मांडत नाही. तो हिशेब वाङ्मयाचा आहे, म्हणून येथे मांडून पाहतो.

पहिली वाट आकाशातून आली. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी आणि मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरचित्रवाणी सुरू झाली. आम्हा खानदेशवाल्यांना तिचे दर्शन घडायला पुढचे दशक उजाडले. माशाच्या काट्यासारखी दिसणारी ती छपरावरची अँटेना म्हणजे यागी आणि उदा ह्या दोन जपानी संशोधकांनी १९२० नंतरच्या काळात शोधलेली युक्ती. तिचे तोंड प्रक्षेपण केंद्राकडे नेमके वळले नाही, तर पडद्यावर नुसत्या मुंग्या. एकाने छपरावर चढून पाइप फिरवायचा आणि ओरडायचे, "उनं का रे?" खालून उत्तर यायचे, "नई उनं!" माझ्या पिढीतील पुष्कळांचे कलाजीवन ह्या दोन वाक्यांनी सुरू झाले आहे.

पण त्या मुंग्यांतून जे दिसे, त्याचा घाट पाहण्यासारखा होता. 'मालगुडी डेज', 'तमस', 'भारत एक खोज' ह्या सगळ्यांच्या पाठीशी पुस्तक होते आणि म्हणून शेवटही होता. 'भारत एक खोज' ५३ भागांत संपली. भीष्म साहनींच्या कादंबरीवरील 'तमस' १९८८ मध्ये दाखवली जात असताना ती बंद करावी म्हणून लोक न्यायालयात गेले. न्यायालयाने ती दाखवू दिली. एखाद्या कलाकृतीवरून देश भांडतो, तो त्याने ती एकाच वेळी पाहिलेली असते म्हणून. जानेवारी १९८७ मध्ये सुरू झालेल्या 'रामायणा'च्या वेळी रविवारी सकाळी रस्ते ओस पडत, ही दंतकथा नव्हे. मी तो ओस रस्ता पाहिला आहे. मात्र ह्या काळाचे गोडवे गाताना एक विसरू नये: खिडकी एकच होती, आणि ती केव्हा, किती आणि कोणत्या भाषेत उघडायची हे दिल्ली ठरवीत असे. 'आवडले नाही' हे सांगण्याची एकच सोय होती, ती म्हणजे टीव्ही बंद करणे.

मग तार आली. १९९१ च्या आखाती युद्धाने उपग्रहावरच्या परदेशी बातम्यांची चटक लावली, २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही सुरू झाला, १९९५ मध्ये केबलचा कायदा झाला. १९९९ मध्ये अल्फा मराठी आणि पुढल्या वर्षी ई टीव्ही मराठी आली. केबलवाला हा गल्लीतलाच माणूस. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वही घेऊन यायचा, घरातल्या आजाऱ्याची विचारपूस करायचा. त्याच्या स्थानिक वाहिनीवर आमच्या बालाजीच्या रथाची मिरवणूक दिसे आणि खाली कापडाच्या दुकानाची जाहिरात सरके. बारकाईने पाहणाऱ्यांना गर्दीत आपलाच चेहरा सापडे. ह्या तारेने मराठीला दिवसभराचा पडदा दिला, नटांना आणि लेखकांना काम दिले, आणि 'आभाळमाया'सारख्या मालिकेत नोकरी करणारी, विचार करणारी बाई गोष्टीच्या मध्यभागी आणून बसवली. हे ऋण लहान नाही.

परंतु ह्याच तारेने गोष्टीचा शेवट पळवला. 'क्योंकि सास भी कभी बहू थी' २००० ते २००८ ह्या काळात अठराशेंहून अधिक भाग चालली. आमची 'चार दिवस सासूचे' २००१ पासून २०१३ पर्यंत चालून तीन हजारांवर गेली. नावात दिवस चार! ह्यात लेखकांची प्रतिभा आटली असे म्हणणे अन्यायाचे होईल. दोष वाटेचा होता. जाहिरातदार पैसे देतो प्रेक्षकसंख्येवर, आणि प्रेक्षकसंख्या मोजली जाते दर आठवड्याला. जी मालिका कमावते ती संपवता येत नाही. जी कमावत नाही तिचा मध्येच गळा दाबला जातो. कथानकाच्या दृष्टीने दोन्ही हत्याच. पाहणारी बाई फोडणी देऊन परत येणार, हे लेखकाला ठाऊक असते. म्हणून एकच वाक्य तिघांच्या तोंडी, एकच दचकलेला चेहरा तीनदा. कीर्तनकारही पुनरुक्ती करतो, पण त्याला आख्यान त्याच रात्री संपवायचे असते. मालिकेच्या लेखकाला ती सुटका नव्हती.

तार तुटण्याची कारणे मात्र वाङ्मयीन नव्हेत. २०१२ पासून टप्प्याटप्प्याने घरोघर सेट टॉप बॉक्स सक्तीचे झाले. २०१९ मध्ये नियामकांच्या नव्या नियमाने शंभर वाहिन्यांसाठी १३० रुपये आणि त्यावर कर, शिवाय पैशांच्या वाहिन्या निराळ्या, अशी वाण्याच्या यादीसारखी बिले हाती आली. तत्पूर्वी सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ येऊन इंटरनेट स्वस्त झाले होतेच. मग मुलगा म्हणाला, "हे सगळं त्या काठीत दिसतं," आणि वडिलांनी रिचार्ज बंद केला.

छत्रीची गोष्ट थोडी निराळी. अमेरिकेत राहणारी आपली मंडळी केबल सोडताना खिडकीत अँटेना लावतात आणि स्थानिक केंद्रे फुकट पाहतात. आपल्याकडे ती सोय बव्हंशी गेली. जुनी जमिनीवरील प्रक्षेपण केंद्रे २०२२ पर्यंत जवळजवळ सर्व बंद झाली आणि अँटेनाच्या पाइपांना आता कपडे वाळत घालायच्या दोऱ्या बांधलेल्या दिसतात. आपली आजची अँटेना म्हणजे दूरदर्शनची फ्री डिश. डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेल्या ह्या योजनेत छत्री आणि डबा एकदा विकत घेतला की महिन्याला काही द्यावे लागत नाही. त्यातून २००७ च्या कायद्याने क्रिकेटचे महत्त्वाचे सामने दूरदर्शनला द्यावेच लागतात, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये निकाल दिला की ते चित्र केबलवाल्यांसाठी नाही. तेव्हापासून तारवाल्यांपेक्षा छत्रीवाला ह्या बाबतीत श्रीमंत ठरला.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. छत्रीवर उतरणारी लहर सर्वांना सारखी असते. आणखी एका घराने ती झेलली तर तिला काही पडत नाही आणि पाठवणाऱ्याला तुमचे नावही ठाऊक नसते. काठीतून येणारे चित्र तुमच्यासाठी निराळे पाठवलेले असते. तुम्ही कोठे थांबलात, काय अर्धवट सोडलेत, रात्री किती वाजता झोपलात, ह्याची तेथे नोंद होते आणि उद्याची शिफारस त्यावर ठरते. एक प्रेक्षकाला न ओळखणारी कला, दुसरी त्याच्यावर नजर ठेवणारी. पहिली कधी कधी रटाळ होते, कारण तिला आपली पर्वा नसते. दुसरी खुशमस्करी होते, कारण तिला आपली फारच पर्वा असते. शाळेत मी मुलांना नावडते पुस्तक मुद्दाम वाचायला देतो. त्यांतले एखादे त्यांना आयुष्यभर पुरते. काठी असे पुस्तक कधीच पुढे करणार नाही.

तरीही काठीचे उपकार मान्य केले पाहिजेत, आणि त्यांतला पहिला म्हणजे तिने शेवट परत आणला. विक्रम चंद्रांच्या कादंबरीवरील 'सेक्रेड गेम्स' २०१८ मध्ये आली तेव्हा पहिल्या खेपेचे आठही भाग एकाच दिवशी हाती पडले. मराठीत सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरील 'समांतर' २०२० मध्ये आली. पुन्हा पाठीशी पुस्तक, पुन्हा मोजके भाग. कादंबरीकार म्हणून मला ह्याचा आनंद आहे. शेवट ठाऊक असलेला लेखक पहिल्या प्रकरणातच त्याचे बी पेरू शकतो; तीन हजार भाग लिहिणाऱ्याला ते शक्य नसते. मात्र नवा रोगही दिसू लागला आहे: शेवट करायचा, पण दाराची फट ठेवून, दुसऱ्या सीझनसाठी. आणि पाहणारा कानात बोंड घालून एकटाच बसला आहे हे गृहीत धरून लिहिलेल्या शिव्या आणि रक्तपात! घरातल्या चार माणसांत बसून पाहवेल असे त्यांत थोडेच उरते.

दुसरा उपकार आमच्या घरातला आहे. माझी माय अहिराणी बोलते. वीस वर्षे तिने केबलवरच्या मराठी मालिका मन लावून पाहिल्या, आणि वीस वर्षे एकच प्रश्न विचारला: ह्या बाया भरजरी लुगडी नेसून झोपतात का? त्या पडद्यावरचे काहीच तिचे नव्हते. घर नाही, भांडे नाही, बोली नाही. काठी आल्यावर नातवाने तिला यूट्यूबवरच्या अहिराणी नाटुकल्या लावून दिल्या. पडद्यावरची सासू आपल्या गल्लीतल्या सासूसारखी भांडते आहे हे पाहून ती आधी चकित झाली, मग हसली, आणि मग पडद्याला उलट उत्तरे देऊ लागली. समीक्षक म्हणून सांगायचे तर त्या नाटुकल्या पुष्कळदा ओबडधोबड असतात. नवराबायकोच्या त्याच त्या थट्टा, ठसके आणि आदळआपट. त्यांना संपादक नाही, आणि ते जाणवते. पण आमच्या ह्याच मुलुखात बहिणाबाईंची गाणी त्यांच्या हयातीत छापली गेली नाहीत. त्या गेल्यावर १९५२ मध्ये, मुलगा कवी आणि पाठीराखे अत्रे म्हणून ती जगापुढे आली. ज्या बोलीला असा मुलगा आणि असे अत्रे मिळाले नाहीत, तिचे किती गेले असेल? अँटेनाने अहिराणीला विचारले नाही, तारेने विचारले नाही. काठीनेही विचारले नाही. तिने फक्त दार उघडे ठेवले. तेवढे पुरले.

आता हिशेब जुळवू. अँटेनाने गोष्टीला शेवट दिला आणि सोबत दिली, पण निवड दिली नाही. तारेने निवड दिली आणि सोबत टिकवली, पण शेवट घेतला. काठीने निवड दिली, शेवट दिला, बोलीही दिली; सोबत मात्र नेली. चार माणसे, चार फोन, चार गोष्टी, आणि जेवताना बोलायला विषय नाही. पैशांची बचतही सर्वकाळची नव्हे. दोनचार ॲपची वर्गणी एकत्र करा, की केबलचे बिल सोज्वळ वाटू लागते. फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओ आणि हॉटस्टार एक झाले. दुकाने अशीच कमी होत गेली, तर तार पुन्हा येईल, फक्त ती दिसणार नाही.

तरी माझा कौल काठीच्या बाजूने आहे. शेवट किंवा बोली ह्या प्रेक्षकाला घरी निर्माण करता येण्याजोग्या वस्तू नव्हेत. सोबत मात्र करता येते. छत्री गच्चीवर असू द्यावी, कारण आपले नाव न विचारणारी एक तरी खिडकी घरात हवी. आणि काठीवरचे आठदहा भागांचे काहीतरी निवडून ते साऱ्या घराने रोज एकच भाग पाहावे. निवडीचा पहिला मान घरातील वडील माणसाचा. भाग संपला की 'पुढचा भाग पाच सेकंदांत' अशी घाई पडदा करील. तेथे त्याचे ऐकू नये, बंद करावा. आठवडाभर वाट पाहणाऱ्या 'करमणूक'च्या वाचकांनी मधल्या सहा दिवसांत त्या कादंबरीवर माजघरात जे बोलणे केले असेल, तीच तिची पहिली समीक्षा. दोन भागांमधल्या रिकाम्या वेळातच माणसे विचारतात की तिने असे का केले, त्याने तसे करायला हवे होते का, आणि आपण असतो तर काय केले असते. ह्या दिवाळीत फराळाच्या ताटाभोवती असे एखादे भांडण घरात झाले, तर तार काढल्याचे सार्थक झाले असे मी समजेन.